दुसऱ्यांदा जा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि काल दिवसभर कारखान्यात तेच डोक्यात होतं. ऑक्टोबरच्या सुट्टीत नऊ दिवसांत मार्सेय, नीस, मिलान, व्हेनिस, झुरिक आणि स्ट्रासबुर्ग. सहाव्या शहरात एका चर्चमध्ये उभी होतीस आणि अशाच खिडक्या काल कुठं बघितल्या, ते तुला आठवेना. 'काका, फोटोत सगळे खूश दिसतात, मीही दिसते, पण आत काहीच हललं नाही. माझ्यातच काही कमी आहे का?' असं लिहिलंयस. त्याच पत्रात खाली विचारतेस की मैत्रिणींनी नाताळात चौदा दिवसांत नऊ शहरांचा बेत आखलाय, शिवाय आठ डिसेंबरच्या सुमाराला बार्सिलोनाचं विमान स्वस्त मिळतंय, तर जाऊ की नको?

तू कर्ज काढून फ्रान्समध्ये ल्योंला शिकायला गेलीस, एकटी राहतेस, फ्रेंचमधून परीक्षा देतेस. त्याचं कौतुक तुझे बाबा करतातच, मी त्यात वेळ घालवत नाही. विचारलंस त्याचं उत्तर देतो.

तुझ्यात काही कमी नाही. तू अजून कुठंही दुसऱ्यांदा गेलेली नाहीस.

हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नकोस. पहिल्या खेपेला आपण फक्त खात्री करून घेतो. चित्रात होतं तसंच आहे ना? आहे. चला, पुढची गाडी. त्या खेपेला अर्धं लक्ष नकाशात असतं, उरलेलं पाकिटात आणि घड्याळात. दुसऱ्या खेपेला पाय आपोआप वळतात आणि डोळे मोकळे होतात. बघणं तिथून सुरू होतं.

मला हे कळायला वीस वर्षं लागली, म्हणून इतक्या हट्टानं सांगतोय. 1991 च्या सप्टेंबरात मी ल्योंला उतरलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. अठरा महिने राहिलो, त्याच क्रुआ-रूसच्या टेकडीवर, जिथं तू रविवारी बाजाराला जातेस. तेव्हा शेंगेन व्हिसा नव्हता. प्रत्येक देशाचा वेगळा व्हिसा, वेगळी रांग. बँकेचा कागद, कॉलेजचा कागद, चार फोटो घेऊन मी भल्या पहाटे वकिलातींच्या दारात उभा राहायचो. एवढा आटापिटा करून रोम, व्हेनिस, ॲमस्टरडॅम, इंटरलाकेन, ब्रसेल्स सगळं केलं. रात्रीच्या गाडीत झोपायचं म्हणजे हॉटेलचे पैसे वाचतात. पाव आणि केळी. तीन अल्बम भरले. आज त्यातले निम्मे फोटो कुठले आहेत हे मला मागचं लिहिलेलं वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

मी राहायचो ती खोली अरुंद होती, पण छत चांगलं चार मीटर उंच. हिवाळ्यात खोली तापायची नाही म्हणून मी त्या छताला शिव्या द्यायचो. ते एवढं उंच का, हे अठरा महिन्यांत एकदाही कुणाला विचारलं नाही. बाळ, मी इचलकरंजीचा. अण्णा मागावर, आई कांड्या भरायची, मागांच्या खडखडाटाशिवाय आम्हाला झोप लागायची नाही. आणि मी ज्या खोलीत राहत होतो ती विणकराची खोली होती. छत उंच होतं कारण जकार्डचा माग उंच असतो, नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा सांगाडा वर बसतो. जकार्ड हा माणूसच ल्योंचा. 1804 साली त्यानं तो माग उभा केला. टेकडीवरच्या चौकात त्याचा पुतळा आहे, त्याच्या पायाशी मी रोज सकाळी बसची वाट बघत उभा राहायचो आणि नाव वाचलं नाही.

माझ्या मजल्यावर एक म्हातारी बाई राहायच्या. रेशमाच्या मागावर आयुष्य गेलेलं. मी टेक्स्टाइल शिकायला आलोय आणि आमच्याकडे घरोघरी माग आहेत, हे कळल्यावर त्यांनी मला दोनदा बोलावलं. गुरुवारी ये, म्हणाल्या. माझ्याकडे जुना धोटा आहे, तुला दाखवते. पहिल्या गुरुवारी मी व्हिसाच्या रांगेत होतो. दुसऱ्या गुरुवारी इंटरलाकेनला. परत आलो तर दाराला कुलूप. मुलगी येऊन घेऊन गेली, कुठं ते शेजाऱ्यांना नक्की माहीत नव्हतं.

1993 मध्ये घरी आलो. पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "तिथं माग कसले आहेत रे?" मी आयफेल टॉवरची उंची सांगितली, व्हेनिसच्या होड्या सांगितल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या पाळीला निघून गेले. परत कधी विचारलं नाही. 2004 मध्ये ते गेले.

म्हणून तुझं ते 'आत काहीच हललं नाही' वाचल्यावर माझा जीव गलबलला आणि त्याच्या खालच्या ओळीत बार्सिलोना वाचून रागही आला. अगं, आठ डिसेंबरला ल्यों सोडून जातेस? आठ डिसेंबरला? 1852 मध्ये फुर्विएरच्या टेकडीवर मेरीचा पुतळा बसवायचा होता. ठरला होता सप्टेंबरात, सोन नदीला पूर आला म्हणून सोहळा आठ डिसेंबरवर गेला. त्या दिवशी वादळ झालं, रोषणाई रद्द होणार असं वाटत होतं. संध्याकाळी आभाळ निवळलं तेव्हा लोकांनी आपण होऊन घराघरांच्या खिडकीत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून लावतात. आता चार दिवस मोठमोठे दिव्यांचे खेळ होतात, लाखो लोक येतात, मेट्रोत शिरता येत नाही, सगळं खरं. म्हणून तर तुझ्या वर्गातले शहर सोडून पळतायत. पण आपल्याकडे दिवाळीत पणत्या लावतात तशा त्या खिडक्या गल्लीबोळात अजून लागतात, आणि त्या बघायला तू आधीपासून तिथं राहतेस. मी दोन आठ डिसेंबर चुकवले, एकदा पॅरिससाठी, एकदा जिनिव्हासाठी. तू चुकवू नकोस.

आणि मार्सेय! 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी उडी मारली ती जागा शोधत होतो, सापडली नाही, नीसची गाडी होती म्हणून निघालो, असं तू चार शब्दांत उरकलंयस. 8 जुलै 1910 चा तो दिवस तू शाळेच्या भाषणात सांगायचीस, मला आठवतंय. त्या एका उडीवरून फ्रान्स आणि इंग्लंडचं भांडण हेगच्या न्यायालयापर्यंत गेलं. त्या बंदराला दोन तास दिलेस. ल्योंहून मार्सेय दोन तासांच्या आतबाहेर आहे, शनिवारी सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. पुन्हा जा. दुसऱ्यांदा जा, आणि या वेळी नीसचं तिकीट काढू नकोस. बंदराच्या धक्क्यावर बस, पाणी किती खोल दिसतं ते बघ, भिंती किती उंच आहेत ते बघ.

तुझा मुद्दा मला माहीत आहे. पैसे. तुला वाटतं एवढं कर्ज काढून युरोपात आलोय तर वसूल करायला हवं. यावर मी थोडा चिडूनच लिहितो. वसुलीच्या हिशेबानं बघितलेलं काहीही आपलं होत नाही. ते बाजारातलं पिशवी भरणं झालं. आणि हिशेबच करायचा तर नीट कर. तू सव्विशीच्या आत आहेस आणि तिथली रहिवासी आहेस, म्हणजे लूव्रसकट राष्ट्रीय संग्रहालयांत कायमचा संग्रह तुला फुकट आहे. तिकीट काढलेल्या माणसाला दिवसभर पाय दुखेपर्यंत फिरावं लागतं. तुला नाही. वेळ राखून ठेव, एकच दालन बघ, बाहेर ये, पुढच्या महिन्यात पुन्हा जा. ही श्रीमंती पर्यटकाला कितीही पैसे टाकून मिळत नाही. व्हिएन्नाला धावण्याआधी रोन नदीच्या काठानं अर्धा तास खाली असलेल्या व्हिएनला जाऊन ये, फ्रेंचमध्ये दोन्हींचं नाव एकच आहे. तिथं भर चौकात दोन हजार वर्षांचं रोमन देऊळ उभं आहे आणि त्याच्या बाजूला लोक कॉफी पीत बसतात.

2011 मध्ये मी घरच्यांना घेऊन गेलो. नऊ दिवस, फक्त ल्यों. पॅरिसला विमानतळावरून सरळ गाडीत बसवलं. बायको अजून म्हणते की नातेवाइकांना तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत, मुलीनं दोन दिवस अबोला धरला. मी तेव्हाही बरोबर होतो आणि आजही माझं तेच म्हणणं आहे. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. रोज सकाळी ती खालच्या बेकरीत गुलाबी प्रालीनची ब्रियोश, म्हणजे साखरेत घोळलेले बदाम घातलेला गोड पाव, आणायला जायची. चौथ्या दिवशी बेकरीतल्या बाईंनी तिला दारातून येताना बघून न विचारता पिशवीत घातली. ती धावत वर आली ते मी विसरणार नाही. आज तिला आयफेल बघितला नाही याची खंत असेल, पण ते शहर तिला ओळखत होतं. एका दिवसात दोन शहरं केली असती तर कुठल्या बेकरीवालीनं तिला ओळखलं असतं?

त्याच खेपेला मी मेझों दे कान्यू या मागांच्या संग्रहालयात गेलो. कान्यू म्हणजे तिथले रेशीम विणकर. पहिल्या दिवशी गर्दीत मागं उभा राहून प्रात्यक्षिक बघितलं. सगळं माहीतच होतं. पुठ्ठ्याला भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, ताण्याची म्हणजे उभ्या धाग्याची तार उचलली जाते, धोटा आडवा धागा घेऊन खालून जातो. 1831 मध्ये या लोकांनी बंड केलं ते मजुरीच्या ठरलेल्या दरासाठी, व्यापाऱ्यांनी तो दर पाळायला नकार दिला म्हणून. हेही आमच्या घरातलंच भांडण, पीस रेटचं. बाहेर पडलो आणि वाटलं, झालं बघून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पाऊस होता, आम्ही चारच माणसं. पुढं उभं राहायला मिळालं. माग दाखवणाऱ्या बाई विणत होत्या आणि ताण्यातली एक तार तुटली. त्या बोलता बोलता वाकल्या, दोन्ही टोकं डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरली, एकावर एक फुली केली, उजव्या हातानं वेढा घेतला आणि गाठ ओढून जास्तीचा धागा कातरला. दोन सेकंद. बाळ, ती माझ्या आईची गाठ होती. तोच अंगठा, तीच फुली, शेवटी तोच छोटा झटका. मी खिशातून रुमाल काढला, त्याच्या कडेचा दोरा उसवला, तोडला आणि त्यांना तीच गाठ मारून दाखवली. त्यांनी माग थांबवला. मग तासभर आम्ही बोललो, माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये. आमच्याकडे मागाचा आवाज 'खडखड', त्यांच्याकडे 'बिस्तांक्लाक', हे मला तिथं कळलं. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला अठरा वर्षांनी मिळालं आणि सांगायला ते नव्हते. पहिल्या दिवशी बघून झालं म्हणून मी गेलो नसतो तर तेही मिळालं नसतं. म्हणून म्हणतो, दुसऱ्यांदा जा.

ल्योंच्याच माँप्लेझिर भागात, सिनेमा सुरू करणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याची शेड अजून आहे. 1895 मध्ये तिच्या दारातून सुटलेली पाळी बाहेर पडते, तो पन्नासेक सेकंदांचा पट तू बघ. 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात सिनेमाचा पहिला खेळ झाला त्यात तो होता. बायका आधी, मग पुरुष, एक कुत्रा, घाईनं घरी निघालेली माणसं. मला तर आमच्या गल्लीच्या तोंडावरची पाळी सुटल्यासारखी वाटली. आणि त्या पटाच्या तीन आवृत्त्या आहेत. जगाला सिनेमा दाखवणाऱ्यांनाही कॅमेरा घेऊन त्याच दारासमोर पुन्हा उभं राहावं लागलं.

तेव्हा नाताळाचं असं कर. मैत्रिणींबरोबर जायचंच असेल तर एका शहरापर्यंत जा, तिथंच थांब आणि त्यांना पुढं जाऊ दे. त्या रागावतील. रागावू देत, एकटीनं राहायची तुला सवय झालीय. आणि आठ दिवस ल्योंला राख. क्रुआ-रूसवर एक मोठी रंगवलेली भिंत आहे, म्यूर दे कान्यू. 1987 मध्ये रंगवली, मग 1997 आणि 2013 मध्ये मोहल्ला बदलला तशी पुन्हा रंगवली. मी पहिल्या दोन बघितल्या आहेत, तिसरी तू बघ. दोन वेगवेगळ्या दिवशी जा आणि पायऱ्यांवर कोण चढतंय, कोण उतरतंय ते मला सविस्तर लिही. फोटो पाठवू नकोस, लिही.

बार्सिलोनाचं तिकीट काढलं असशील तर पैसे गेले समज. आठ तारखेला दुपारीच दुकानातून ल्युमिन्यों आण, त्या बुटक्या मेणबत्त्या असतात, आणि त्यांचे उभ्या खोबणीचे जाड काचेचे पेले. घरमालकिणीला विचार, त्यांच्याकडे जुने असतील तर बहुतेक तेच देतील. अंधार पडला की खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ओळीनं लाव, वारा कुठून येतो ते आधी बघ. सकाळी पेले गरम पाण्यात बुडवून मेण काढ, पुसून कागदात गुंडाळून ठेव. पुढच्या वर्षी तेच लावायचे असतात.

तुझा,
काका