किल्ला विकत का नाही आणायचा

ओवी बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, की आई दिवाळी तर दिव्यांची असते मग इथे सगळी मुलं मातीचा कॅसल का करतायत, आणि कोपऱ्यावर रंगवलेला रेडीमेड मिळतोय तर आजी मला चिखल का कालवायला लावते? मी मीटिंगमध्ये होते म्हणून नंतर सांगते म्हटलं. इथे फ्रँकफर्टला आता रात्रीचे अकरा वाजलेत, झोप येतेय पण लिहूनच टाकते, नाहीतर उद्या परत राहील. अडलं तर बाबाला विचार.

पहिलं म्हणजे कॅसल नाही, किल्ला. कॅसल म्हटलं की तुला आपण ऱ्हाईनच्या काठी बघितलेले टोकदार छपरांचे आठवत असणार. आपल्याकडे आधी डोंगर, मग त्याच्या कडेकडेने तट. गच्चीवर जा आणि नैऋत्येला बघ, ज्या डोंगरावर टीव्हीचे टॉवर दिसतात तो सिंहगड. तानाजी मालुसरे १६७० मध्ये रात्री त्याचा कडा चढून गेले. राजगड, तोरणा, पुरंदर सगळे पुणे जिल्ह्यातच, शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवरचा आणि लहानपण पुण्यात गेलं. मग पुण्यातल्या मुलांच्या हाताला सहामाही परीक्षा संपून माती लागली की ती दुसरं काय करणार? दिवाळीची सुट्टी, पाऊस नुकताच गेलेला, माती मऊ, सगळं जुळून येतं. आणि संध्याकाळी त्याच्यावर पणत्या लागतात, म्हणजे तुझी दिव्यांची दिवाळीही झालीच की.

तो कोपऱ्यावरचा किल्ला मला का नको माहितीये, त्यात डोंगरच नसतो. नुसता बुरुज आणि दरवाजा, खाली सपाट. मग तू करणार काय, मावळे मांडणार आणि बघत बसणार.

आमचा वाडा नारायण पेठेत होता, आता तिथे बिल्डिंग आहे. वाड्यात आम्ही सात मुलं आणि किल्ल्याला पैसे म्हणून कोणी देत नसे, मागून आणायचं. पडक्या भिंतीच्या अर्ध्या विटा, वाण्याकडचं गोणपाट, कोणाच्या कुंडीतली माती. एका वर्षी आम्ही नुसत्या मातीचा ढीग केला, वरून बादलीभर पाणी ओतलं, भारी गुळगुळीत दिसत होता, आणि सकाळी बघतो तर अख्खा डोंगर बसलेला, तोफा चिखलात आणि महाराज गळ्यापर्यंत आत. मी रडले होते, खोटं कशाला सांगू.

म्हणून तू नीट कर. खाली जाड प्लॅस्टिक घाल, नाहीतर सोसायटीतले ओरडतील. त्यावर विटा, दगड, जुनी खोकी रचून डोंगराचा आकार आधी आण. राजगड कर, ओळखू येतो, मधे उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या, म्हणजे त्याच्याखालचे सपाट भाग, पसरलेल्या, सुवेळा, संजीवनी, पद्मावती. मग माती पाण्यात कालवून दाटसर राड कर, गोणपाट त्यात बुडवून पिळायचं नाही, तसंच ओलं विटांवर टाकायचं, घड्या पडतात त्याच दऱ्या होतात. वरून मातीचे गोळे थापायचे. त्या मातीत नारळाच्या शेंड्या बारीक कापून घाल, आजोबांनी शिकवलेलं आहे, तडे कमी जातात. तरी थोडे जाणारच, दुसऱ्या दिवशी पातळ राड बोटाने भर. बुरूज करायला श्रीखंडाचा रिकामा डबा उपडा ठेवून त्याच्याभोवती माती, आणि तटाच्या दगडांच्या रेघा खराट्याच्या काडीने. पायऱ्या स्केलने दाबून कर, पण एक सलग सरळ जिना नको हं, गडाची वाट वळत जाते.

आता खरी गंमत हिरवळीची. खूप जण मोहरी पेरतात, ती उतारावरून घरंगळते आणि सगळं गवत पायथ्याशी. आपण हळीव पेरायचे. पाण्यात भिजले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत चिकट थर येतो, तो चिकटून बसतो, अगदी उभ्या कड्यालासुद्धा. पसरायचे आणि दोन-तीन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत हिरवंगार. म्हणजे वसुबारसेच्या आधी पाच-सहा दिवस पेरायला हवेत, आजच आजीला तारीख विचार. पाणी बाटलीने ओतू नकोस, हाताने शिंपड.

तळ्यासाठी झाकण चालेल. कारंजं हवं असेल तर मेडिकलच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आण, एक टोक खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या कॅनमध्ये, दुसरं तळ्यात, नळीवरचं ते चाक फिरवलं की धार कमीजास्त. कॅन किल्ल्याच्या वर हवा, जितका वर तितका जोर. तळं भरलं की उपसावं लागतं, ते काम बाबाला दे.

मावळे मात्र विकत घे, कुंभारवाड्यातून, बाबाला रस्ता माहितीये. नळी सोडली तर सगळ्या किल्ल्यावर तेवढाच खर्च. तिथे मोठे मावळे उचलायचा मोह होईल, पण ते दरवाज्यापेक्षा उंच निघतात, आमचा शिपाई कायम गडापेक्षा मोठा असायचा. दरवाज्याची उंची सुतळीने मापून घेऊन जा. महाराज बालेकिल्ल्यावर, सिंहासन काड्यापेटीचं. आणि तुझा प्लॅस्टिकचा डायनोसॉर ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, आमच्या किल्ल्यावर दरवर्षी एक ट्रॅफिक पोलीस असायचा आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कंदील पुढच्या पत्रात, त्याला कामट्या तासाव्या लागतात आणि खळ शिजवावी लागते, ते फोनवर दाखवेन.

हळीव आजीच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पितळी डब्यात असतात, लाडवांसाठी आणलेले. सांगून घे. मी तेव्हा न सांगता घ्यायचे आणि आजीला अजून वाटतं ते उंदराचं काम होतं, एवढं वाक्य तिला वाचून दाखवू नकोस. तडे गेले की फोटो पाठव.

तुझी,
आई