आजी सहाणेवर काय उगाळते?

प्रिय चिऊ,

मावशीच्या बाळासाठी आजी सहाणेवर काहीतरी उगाळत होती, ते फोनवर पाहून तू दोन प्रश्न विचारलेस. त्या काड्या आणि फळं कुठे मिळतात? आणि त्यांनी पोट बरं होतं हे आधी कुणाला कळलं? मिळतात काष्ठौषधींच्या दुकानात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सह्याद्रीत शोधावं लागतं.

आजीच्या बाळगुटीत हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ असं बरंच असतं. प्रत्येकाचे एक-दोन वेढेच उगाळायचे. यातली मुरुडशेंग स्क्रूसारखी पिळलेली असते आणि पोटात कळा आल्या की देतात. हिरडा येतो जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांच्या डोंगरांतून. तिथले महादेव कोळी आदिवासी उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळी फळं काढतात आणि अंगणात वाळवतात. हिरवी फळं वाळून काळी, सुरकुतलेली होतात. हाच बाळहिरडा. वर्षाची रोख कमाई बरीचशी त्यावर असते, म्हणून जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात हिरड्याची झाडं पडली तेव्हा तिथल्या घरांचं मोठं नुकसान झालं.

मला सगळ्यात आवडतो तो कुडा. पांढरी सुवासिक फुलं, जोडीने लोंबणाऱ्या लांब बारीक शेंगा, पान तोडलं की पांढरा चीक. कोकणात त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात. पण पोटात मुरडा येऊन आव पडायला लागली की कातकरी, ठाकर, वारली माणसं त्याच्या सालीकडे वळतात. साल पाण्यात किंवा ताकात उगाळून देतात. चव इतकी कडू की जीभ आखडते. पुढे शास्त्रज्ञांना या सालीत कोनेसिन नावाचं द्रव्य सापडलं. काही वेळा आव ज्या अमिबामुळे होते, त्याच्यावर ते काम करतं.

बेलाचं तर आणखी नवल. कच्चं बेलफळ जुलाब थांबवायला आणि पिकलेलं पोट साफ व्हायला. झाड एकच, पण फळ कधी काढायचं हे माहीत हवं. हे ज्ञान त्याच झाडांखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी जपलं. आपण त्याला सरसकट ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो आणि त्या माणसांचं नावही घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने हिरड्यासारखी वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा त्यांचा हक्क कागदावर आणला, तोही फार उशिरा.

जाणता वैदू खोडाच्या एकाच बाजूची थोडी साल काढतो. सगळीकडून गोल सोलली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वाळतं.

गुटीबद्दल डॉक्टरांचं म्हणणंही ऐक. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. मावशीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, तरी तिने आधी डॉक्टरांना विचारलंय. आणि तुला जुलाब झाले तर आधी मीठ-साखरेचं पाणी, मग डॉक्टर. साल उगाळायचा प्रयोग करायचा नाही.

मे महिन्यात आपण भीमाशंकरला जाऊ. वाटेत कुठे हिरडा वाळत घातलेला दिसला तर तिथल्या मावशींना तूच विचार, मराठीतून.

तुझा,
बाबा