कीर्तन संगणकावर ऐकू येते, आयफोनवर का नाही?

प्रश्न : आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहातील कीर्तन आम्ही आइसकास्ट सर्व्हरवरून ऑग व्हॉर्बिस स्वरूपात थेट प्रसारित करतो. संगणकावर क्रोममध्ये ते व्यवस्थित ऐकू येते, मात्र पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांच्या जुन्या आयफोनवर आवाजच येत नाही. सर्व्हरवर त्याचे एमपी-थ्रीमध्ये रूपांतर करावे काय?

उत्तर : ऑग हे वेष्टन आहे आणि व्हॉर्बिस ही त्यातील ध्वनी आक्रसण्याची पद्धत. ही जोडी क्रोम व फायरफॉक्स अनेक वर्षांपासून वाजवतात, आयफोनमधील सफारी ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्या वाजवत नाहीत. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम उतरवून घेऊनही उपयोग होत नाही, कारण तिथे तोही सफारीचेच इंजिन वापरतो. तेव्हा रूपांतर हवेच. पण ते सर्व्हरवर करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. व्हॉर्बिसने एकदा गाळलेला ध्वनी परत मिळत नाही आणि उरलेल्याला एमपी-थ्री पुन्हा आपली चाळणी लावते. बुवांच्या निरूपणात हा फरक फारसा जाणवणार नाही, परंतु गजर टिपेला पोहोचतो तेव्हा टाळांचा झणत्कार पाण्याखालून आल्यासारखा घोळदार होतो, आणि कीर्तनात तोच तर ऐकायचा असतो.

त्याऐवजी मिक्सरमधून संगणकात येणारा मूळ आवाजच एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रणालीने १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी-थ्रीमध्ये आक्रसून आइसकास्टला पाठवावा. व्हॉर्बिसचा प्रवाह मग बंद केला तरी चालेल. एमपी-थ्रीवर पेटंटची बंधने होती तेव्हा व्हॉर्बिस निवडण्याला मोठा अर्थ होता. ती बंधने २०१७ पर्यंत संपली आणि आज एमपी-थ्री सर्व प्रमुख ब्राउझरांत वाजते.

प्रवासात रेंज तुटणारे श्रोते बरेच असतील, तर एचएलएसचा विचार करावा. त्यात ध्वनीचे छोटे तुकडे करून ते एकामागून एक पाठवले जातात. सहा सेकंदांचे तीन तुकडे साठवून वाजवायला सुरुवात केली, की ऐकणारा सुमारे १८ सेकंद मागे राहतो. कीर्तनाला त्याने बाधा येत नाही. मूळ प्रवाह एएसी असेल, तर पुन्हा न आक्रसता केवळ वेष्टन बदलूनही हे तुकडे करता येतात. सफारी एचएलएस थेट वाजवते, इतरत्र संकेतस्थळाच्या पानात एचएलएस-जेएससारखी जावास्क्रिप्ट प्रणाली जोडावी लागू शकते.

एक गोष्ट आजच तपासावी. आपले संकेतस्थळ सुरक्षित अशा एचटीटीपीएसवर आणि प्रवाहाचा पत्ता मात्र साध्या एचटीटीपीचा, शेवटी ८००० हा पोर्ट असलेला, असे असेल, तर स्वरूप बदलूनही ब्राउझर तो अडवू शकतो. प्रवाहालाही एचटीटीपीएसचा पत्ता द्यावा.