फॉर्च्युनर ४x४ घेताय? आधी खर्चाचं गणित मांडा

डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर विसंबू नका. टाकी ऑटो-कटपर्यंत (पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, चार-पाचशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंतच भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हाच खरा आकडा. माझ्या २.८ डिझेल ऑटोमॅटिकला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ९ मिळतं, हायवेला १२-१३. सरासरी १० धरा. वर्षाला १५,००० किलोमीटर म्हणजे १,५०० लिटर. ९० रुपयांच्या भावाने १,३५,००० रुपये. टायर, सर्व्हिस, विमा वेगळे.

सगळ्यात मोठी बचत उजव्या पायात आहे. वेग ८० वरून १०० केला की हवेचा अवरोध दीडपटीहून जास्त वाढतो, आणि एवढ्या उंच, रुंद गाडीला तो फारच जाणवतो. रिकामा रूफ कॅरियर काढून ठेवा. टायरमधली हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना तपासा.

एक कळकळीची विनंती: कोरड्या डांबरी रस्त्यावर एच४, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, लावू नका. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरेन्शियल (दोन्ही ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे वळणावर टायर घासतात, ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. एच४ चिखलासाठी, वाळूसाठी.

आणि रोजचं ऑफिस जेमतेम तीन किलोमीटरवर असेल, तर बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घेण्याआधी पुन्हा विचार करा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यातली काजळी जळायला इंजिन तापून बराच वेळ सलग चालावं लागतं. निदान आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास तरी न्या.