तोडलेला मोठा पाइन कोणत्या जातीचा, हे कसं ओळखायचं?

खोड आडवं पडलंय आणि जात कळत नाही, तर कापलेल्या लाकडाकडे नंतर बघा, आधी शेंड्याकडच्या फांद्या गाठा. झाड उभं असताना तिथे हात पोचला नसता.

डहाळीवरून सुयांचा (म्हणजे पाइनच्या सुईसारख्या पानांचा) एक झुबका अलगद उपटा आणि तळाशी किती सुया जोडलेल्या आहेत ते मोजा. चार-पाच झुबके तरी बघा, कारण एखाद्यातली सुई गळालेली असते. २ सुया, लांबी ४ ते ७ सेंमी, किंचित पीळ, निळसर झाक आणि वरच्या खोडाची पातळ, नारिंगी साल असेल तर बहुधा स्कॉट्स पाइन. ३ सुया आणि लांबी २० ते ३० सेंमी असेल, तर हिमालयातला चिर पाइन तपासा. सुया ३ पण आखूड, आणि फांदीला वर्षानुवर्षं मिटून चिकटलेले, एका बाजूला फुगीर शंकू (पाइनची खवल्यांची, बिया असलेली बोंडं) असतील तर रेडिएटा पाइन. ५ मऊ सुया आणि लांबट शंकू दिसले की व्हाइट पाइनचा गट. सुया एकेकट्या फुटलेल्या असतील तर तो बहुधा पाइन नाही. स्प्रूस किंवा फर यांसारखं सुयांचंच दुसरं झाड असेल.

फांद्या उचलून नेल्या असतील तर आसपास पडलेले शंकू शोधा. नुसत्या लाकडावरून जात सांगणं फार अवघड. सूक्ष्मदर्शकाखालीही बहुधा गटापर्यंतच पोचता येतं.

तरी कळलं नाही तर जाणकाराला दाखवायला सुया, शंकू आणि साल यांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. झाड कुठल्या भागातलं आणि लावलेलं की जंगली, तेही लिहा.