वाचक विचारतात : युक्रेनचे मजूर, पोलंडचा कागद

प्रश्न : युद्धाआधी पोलंडमध्ये लाखो युक्रेनियन कामाला होते. एवढ्यांना वर्क परमिट मिळायचं कसं?

बहुतेकांना ते लागतच नव्हतं. २००६ मध्ये शेतीपुरती आणि २००७ मध्ये सगळ्याच क्षेत्रांसाठी पोलंडने सोपी वाट काढली. ‘अमक्याला कामावर घेतो’ असं घोषणापत्र (पोलिशमध्ये ओश्वियाद्चेन्ये) मालकाने जिल्हा रोजगार कार्यालयात नोंदवायचं. २००८ पासून त्यावर १२ महिन्यांत ६ महिने काम करता यायचं. सुरुवातीची दहा-अकरा वर्षं त्याला फी नव्हती, माणूस कामावर हजर झाला का, हे कळवायचं बंधनही नव्हतं. दलालांचं फावलं ते इथेच. फुकटचा कागद पैसे घेऊन विकला जायचा आणि मजूर राबायचा तिसऱ्याच मालकाकडे. २०१८ मध्ये ३० झ्लोटी फी आली. कामगार रुजू झाला तर त्याच दिवशी, नाही झाला तर ७ दिवसांत कळवणंही सक्तीचं झालं.

प्रश्न : कागद सहा महिन्यांचा, तरी लोक नव्वद दिवसांत अडचणीत का यायचे?

कामाची परवानगी वेगळी, राहण्याची वेगळी. ११ जून २०१७ पासून बायोमेट्रिक पासपोर्टवर व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, पण कोणत्याही १८० दिवसांत ९०च दिवस. आल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजतात. १ मार्चला पोलंडच्या सीमेवरच्या मेदिका नाक्यावरून आत आलेल्याचा शेवटचा दिवस २९ मे. घरी जाऊन आठवड्याने परतू म्हटलं, तर जमत नाही. पुन्हा प्रवेश थेट २८ ऑगस्टला. सहा महिने सलग राबायचं, तर ‘डी’ व्हिसा, म्हणजे लांबच्या मुक्कामाचा व्हिसा, काढायलाच हवा होता.

प्रश्न : फसवणूक नेमकी कुठे होते?

करारात. पक्क्या नोकरीच्या करारात रजा आणि आजारपणाचा पगार असतो. ‘झ्लेत्सेन्ये’ करारात, म्हणजे पक्क्या नोकरीशिवाय काम सोपवण्याच्या करारात, रजा नाही, पण २०१७ पासून ताशी किमान दर आहे आणि सहसा विमाही भरावा लागतो. तिसरा करार ठरावीक वस्तू बनवून देण्याचा. त्यात ना किमान दर, ना अपघात विमा. पॅकिंगच्या किंवा बांधकामाच्या मजुराच्या हाती हा तिसरा करार दिला, तर मालकाची नियत उघड आहे. करार लेखी हवा आणि कामगाराला कळेल अशा भाषेतही हवा. नुसती सही घेऊन प्रत न देणारे पुष्कळ असतात. विम्यासाठी मालकाने ७ दिवसांत ‘झूस’ या विमा संस्थेकडे नाव नोंदवायचं असतं. ते झालं की नाही, हे कामगाराला झूसच्या ऑनलाइन खात्यावर स्वतः बघता येतं. नाव नसेल, तर तक्रार राज्य कामगार निरीक्षणालयाकडे करायची. त्यासाठी कामाच्या तासांची स्वतःची नोंद आणि फोरमनचे मेसेज जपून ठेवावेत. रोख पगाराला दुसरा पुरावा सहसा नसतो.