वाचकांचे प्रश्न : जखमी सैनिकाला पहाऱ्याशिवाय दुसरे काम नाही का?

सातारा जिल्ह्यातून गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्याने या वेळी ती एकत्र घेत आहे. मिलिटरी अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, हा आकडा आपल्या जिल्ह्यात लहान मुलेही सांगतात. जखमी होऊन जे घरी परतले आणि पुढची तीस-चाळीस वर्षे जगले, त्यांचा आकडा मात्र कोणाला ठाऊक नसतो. ही तिन्ही पत्रे अशा परतलेल्यांविषयीची आहेत.

प्रश्न : माझे पती लष्कराच्या सिग्नल्स विभागात अकरा वर्षे नोकरीला होते. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला आणि ते बोर्ड आऊट होऊन (वैद्यकीय कारणाने सेवामुक्त होऊन) घरी आले. वय चौतीस आहे. कृत्रिम पाय बसवला असून त्यावर ते चालतात. परंतु जो तो त्यांना सिक्युरिटीची नोकरी सुचवतो आणि बारा तास उभे राहणे त्यांना झेपत नाही. शिवाय नोकरी धरली तर अपंगत्वाचे पेन्शन बंद होईल, असे भावकीतले लोक सांगतात. आम्ही काय करावे?
— एक भगिनी, खटाव तालुका

उत्तर : ताई, आधी पेन्शनची भीती मनातून काढून टाकावी. अपंगत्वाचे पेन्शन हे सेवेमुळे शरीराला झालेल्या हानीसाठी असते. तो बेकारीचा भत्ता नव्हे. कारखान्यात, दुकानात किंवा स्वतःच्या धंद्यात चार पैसे मिळू लागले, एवढ्या कारणाने ते बंद होत नाही. सरकारी खात्यात पुन्हा नेमणूक झाली, तर वेतननिश्चितीचे स्वतंत्र नियम लागू होतात. तेवढे नेमणुकीच्या वेळी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) पुढे ठेवून लेखी समजून घ्यावे. या एका गैरसमजापायी धडधाकट बुद्धीची, हातात कसब असलेली माणसे वर्षानुवर्षे ओसरीवर बसून राहिलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो.

दुसरी गोष्ट कागदांची आहे आणि ती नीट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. लष्कराच्या मेडिकल बोर्डाने दिलेली टक्केवारी पेन्शनसाठी असते. तेथे ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरली जाते, त्यापुढे ७५ आणि मग १००, अशी ती वरच्या टप्प्याला नेली जाते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याखालील आरक्षणासाठी मात्र हा कागद चालत नाही. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि ते युडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र) पोर्टलवर नोंदणी करून, सरकारी रुग्णालयात तपासणी झाल्यावर मिळते. गुडघ्याखालून पाय गेलेल्या व्यक्तीचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या वरच धरले जाते, त्यामुळे तुमच्या पतींना ते मिळण्यात अडचण येऊ नये. हे कार्ड हाती आले की त्यांच्यापुढे दोन दारे उघडतात : माजी सैनिक म्हणून एक आणि दिव्यांग व्यक्ती म्हणून दुसरे. राज्य शासनाच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्र सरकारचे सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँका यांच्या गट क मध्ये हे प्रमाण १४.५ टक्के असून, त्यातील ४.५ टक्के अपंग माजी सैनिक आणि युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे आश्रित यांच्यासाठी राखलेले असते. दिव्यांगांचे ४ टक्के आरक्षण याहून स्वतंत्र आहे.

वयाचीही काळजी नको. केंद्राच्या गट क च्या भरतीत माजी सैनिकाच्या वयातून लष्करी सेवेची वर्षे वजा होतात आणि त्यावर आणखी ३ वर्षांची सवलत मिळते. चौतीसमधून अकरा गेले, तीन गेले, म्हणजे अर्ज भरताना तुमचे पती विशीतल्या उमेदवाराच्या रांगेत उभे राहतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तुमच्या पत्रातील ‘सिग्नल्स’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि त्यांना नोकरी सुचवणाऱ्या एकाही माणसाने त्याकडे लक्ष दिलेले दिसत नाही. अकरा वर्षे दळणवळणाची यंत्रे हाताळलेला माणूस केवळ ‘माजी सैनिक’ नसतो. तो तंत्रज्ञ असतो. केबल जोडणी, वायरलेस संच, बॅटरी आणि जनरेटर यांची देखभाल, नोंदवह्या ठेवणे यांपैकी त्यांना काय काय येते, याची यादी डिस्चार्ज बुकमधील ट्रेडसह (लष्करातील कामाच्या प्रकारासह) एका कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी. व्यवसाय-पुनर्वसनाची सुरुवात या यादीपासून होते. काय गेले याची नोंद मेडिकल बोर्डाने केलेलीच आहे. काय शिल्लक आहे याची नोंद घरच्यांनी आणि सल्लागाराने करायची असते.

ही यादी घेऊन साताऱ्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे आणि पुण्यात खडकीला असलेल्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची चौकशी करावी. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या भारतीय सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये ही संस्था काढली आणि आजही तेथे अपंग सैनिकांना तांत्रिक शिक्षण दिले जाते. अमेरिकेने आपल्या जखमी सैनिकांच्या धंदेशिक्षणाचा कायदा केला तो १९१८ मध्ये. म्हणजे साताऱ्याहून अडीच-तीन तासांच्या वाटेवर जी संस्था उभी आहे, ती या क्षेत्रातील जगातल्या जुन्या संस्थांत मोडते, आणि आपल्याच तालुक्यांतील घरांना तिचे नाव माहीत नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

कृत्रिम पायाबद्दलही एक सांगतो. पायाचा उरलेला भाग पहिली काही वर्षे आकार बदलत राहतो, त्यामुळे सुरुवातीला नीट बसलेले सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) पुढे सैल पडते किंवा घासून जखम करते. ‘उभे राहणे झेपत नाही’ यामागे कधी कधी एवढेच कारण असते. पुण्यातील आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हेच काम करत आहे. तेथे एकदा पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि नोकरीचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

प्रश्न : साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे यंत्रभाग तयार करण्याचे छोटे वर्कशॉप आहे. पंचवीस कामगार आहेत. अपंग माजी सैनिकाला कामावर घेण्याची इच्छा आहे, परंतु काय बदल करावे लागतील आणि काही झाल्यास जबाबदारी कोणाची, याची धास्ती वाटते.
— एक उद्योजक, सातारा

उत्तर : तुमची इच्छा उत्तम आहे आणि खर्च तुम्हाला वाटतो त्याहून पुष्कळ कमी आहे. कायदा मालकाकडून ‘रास्त सोयीसुविधा’ मागतो, म्हणजे त्या माणसाला ते काम करता यावे म्हणून केलेला, धंद्याला न पेलणारा बोजा होणार नाही असा फेरबदल. कृत्रिम पाय असलेल्या कामगारासाठी तेल न सांडलेली कोरडी जमीन, आलटून पालटून बसता-उभे राहता येईल असे स्टूल, तळमजल्यावरचे काम आणि सॉकेट दुरुस्तीसाठी मधूनमधून रजा, एवढे बहुधा पुरते. तोफखान्यात ऐकणे कमी झालेल्या माणसाला भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा लागतो. कोणता बदल हवा, हे मात्र त्यालाच विचारावे. आपण अंदाज बांधू नये. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असल्याने समान संधी धोरण लेखी स्वरूपात जाहीर करणे तुम्हाला बंधनकारकही आहे. अपघाताची जबाबदारी इतर कामगारांबाबत जशी असते, तशीच येथेही असते. सुरक्षिततेचे तेच नियम आणि तोच विमा. गेटवर उभे करण्यासाठीच केवळ माणूस शोधू नका, एवढी विनंती. तपासणी, स्टोअर, मोजमाप आणि यंत्रदेखभाल या कामांत शिस्तीने नोंद ठेवणारा माणूस तुम्हाला लागतोच.

प्रश्न : माझा मुलगा काश्मीरमध्ये नोकरी करून दोन वर्षांपूर्वी घरी आला. शरीराने धडधाकट आहे, परंतु रात्री झोपत नाही, लग्नातील फटाक्यांनी दचकतो, कधी कधी पितोही. दोन वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या. शेवटची रात्रपाळीच्या पहाऱ्याची होती. औषधोपचार चालू आहेत. पूर्ण बरा झाल्यावरच कामाला लावा, असे नातेवाईक सांगतात. थांबावे का?
— एक वडील, कोरेगाव तालुका

उत्तर : दादा, माझे मत स्पष्ट आहे : उपचार सोडू नयेत आणि कामासाठी थांबूही नये.

हे मत मी हवेतून मांडत नाही. आघातानंतरच्या मानसिक त्रासाने पीडित असलेल्या माजी सैनिकांवर अमेरिकेत यासंबंधी पद्धतशीर अभ्यास झाले आहेत. आधी उपचार, मग प्रशिक्षण, मग संरक्षित (खास अशा व्यक्तींसाठी चालवलेल्या) कार्यशाळेत सराव आणि शेवटी नोकरी, हा जुना क्रम. दुसरी पद्धत आधाराच्या रोजगाराची : माणसाला त्याच्या आवडीची खरी, बाजारात असते तशी नोकरी लवकरात लवकर मिळवून द्यायची, आणि नोकरी लागल्यावर एका सल्लागाराने मुदत न घालता त्याच्या पाठीशी राहायचे. अलाबामा राज्यात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात दुसऱ्या पद्धतीतील ७६ टक्के सैनिकांना नोकरी मिळाली, तर जुन्या पद्धतीतील २८ टक्क्यांना. पुढे १२ केंद्रांवरील ५४१ माजी सैनिकांचा दीड वर्ष मागोवा घेतला गेला. त्यात निम्मा किंवा त्याहून अधिक काळ नोकरीत टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या पद्धतीत ३८.७ टक्के आणि जुन्या पद्धतीत २३.३ टक्के असे निघाले. दुसरे आकडे पहिल्याइतके मोठे नाहीत, म्हणूनच मला ते अधिक विश्वासाचे वाटतात : या आजारात नोकरी टिकवणे अवघडच असते, परंतु सोबत असेल तर ती अधिक जणांची टिकते.

या पद्धतीत ‘आधी पिणे सोड’ किंवा ‘आधी बरा हो’ अशी अट नसते. ज्याला काम करायचे आहे तो पात्र. आणखी दोन गोष्टी त्यात आवर्जून पाळल्या जातात. नोकरी शोधणारा सल्लागार आणि उपचार करणारे डॉक्टर एकमेकांशी बोलत राहतात, आणि सुटलेली नोकरी हे अपयश मानले जात नाही. काय जमले नाही हे पाहून पुढची शोधली जाते. या दृष्टीने तुमच्या मुलाच्या शेवटच्या नोकरीकडे पाहा. ज्याची झोप उडाली आहे आणि अंधारात ज्याचे कान टवकारलेले राहतात, त्याला रात्रभर अंधारात जागत बसण्याचे काम दिले गेले. ते त्याने सोडले यात त्याचा दोष मला दिसत नाही.

आपल्याकडे असा नेमलेला सल्लागार सहसा मिळत नाही. म्हणून गावातील एखादा निवृत्त सुभेदार किंवा त्याच्या पलटणीतला जुना सोबती निवडावा, ज्याच्यापुढे तो मोकळा होतो. वडिलांनी ही भूमिका घेऊ नये, असे मी नम्रपणे सुचवतो, कारण तुमच्यापुढे त्याला बरे असल्याचे दाखवावे लागते. या सोबत्याने आठवड्यातून एक ठरलेली भेट ठेवावी आणि मुलाची संमती घेऊन मालकाशीही बोलावे. आजाराविषयी मालकाला किती सांगायचे, हे मुलानेच ठरवावे. काम दिवसपाळीचे, मोकळ्या जागेतले, पाठीमागे गर्दी नसलेले आणि सुरुवातीला अर्ध्या वेळेचे असावे. रोपवाटिका, ट्रॅक्टरदुरुस्ती, दूधसंकलन असे पर्याय तुमच्या तालुक्यातच आहेत. मानसोपचार ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मिळतात, आणि रात्री-अपरात्री गरज पडल्यास शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही बोलता येईल असा आहे. मानसिक आजार २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्व म्हणून समाविष्ट आहे, हेही ध्यानात ठेवावे. पुढे प्रमाणपत्र घ्यायचे की नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल.

इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी पुण्यात टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात नोकरीही केली, हे कमी जणांना ठाऊक असते. मुलाला पेटकरांविषयी सांगायचे झाले, तर पदकाबरोबर कारखान्यातील ही नोकरीही सांगा. आणि पहिल्या महिन्यात किती दिवस कामावर गेला याचा हिशेब घरात कोणी मांडू नये. तो त्या सोबत्याकडे राहू द्यावा.